नवव्या आवृत्तीतलं एक वाक्य

चार्जरची वायर तुटली नसती तर ती त्या दुकानात गेलीच नसती. आणि गेली नसती तर स्वतःचंच वाक्य एका अनोळखी माणसाच्या तोंडून, तेही इतक्या कडवट सुरात, ऐकायची वेळ तिच्यावर आली नसती.

लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं, जेमतेम दोन गिऱ्हाइकं उभी राहतील एवढं. बाहेर भुरभुर पाऊस होता. काउंटरशी एक उंच तरुण छातीशी लॅपटॉप धरून उभा होता. केसांतून पाणी निथळत होतं, पण लॅपटॉप मात्र कोरडा ठेवला होता त्याने. दुरुस्तीवाला त्याला तिसऱ्यांदा सांगत होता की त्यातलं काही परत येणार नाही.

"बत्तीस पानं होती हो," तरुण म्हणाला. "आठ रविवार लागले होते."

"सेव्ह केली नव्हतीत?"

"करायची गरज नाही असं त्यांनीच लिहिलंय." त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि कोर्टात साक्ष द्यावी तसा वाचला. "'आता खिडकी निर्धास्त बंद करा. तुमचा शब्द न् शब्द तुमची वाट पाहत असेल.' मी केली निर्धास्त बंद. उघडली तर कुणीही वाट पाहत नव्हतं."

दुरुस्तीवाला हसला. तिच्या मात्र कानांच्या पाळ्या तापल्या.

ते वाक्य तिचं होतं. संगणकावर मजकूर लिहायचा टेक्स्ट एडिटर बनवणाऱ्या एका कंपनीत ती लेखिका होती, म्हणजे गोष्टी-कविता लिहिणारी नव्हे. एडिटरची नवी मोठी आवृत्ती आली की त्यात नवीन काय आहे, जुनं काय बदललं, कुठली गोष्ट कशी वापरायची, हे साध्या भाषेत सांगणारं पान तिने लिहायचं. असली पानं कुणी वाचत नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. लोक थेट बटणं दाबतात आणि अडलं की शिव्या घालतात. इतक्या वर्षांत आपलं पान छापून, घडी घालून खिशात ठेवणारा पहिला वाचक तिला आज भेटला होता, आणि त्याचंच तिने वाटोळं केलं होतं.

बरं, चूक नकळत झाली असती तरी एक वेळ मनाची समजूत घालता आली असती. नववी आवृत्ती बाहेर पडायच्या आदल्या दिवशी इंजिनियरांची तीन ओळींची मेल तिला आली होती. आपोआप जपण्याची सोय फक्त नाव दिलेल्या फाइलींना मिळेल, बिननावाच्या फाइलींसाठी ती ऐनवेळी काढली आहे, तेवढं पान दुरुस्त करा. तिने ती मेल दुपारी जिना उतरता उतरता वाचली होती. पण वाक्य इतकं छान जमलं होतं... बैठकीत साहेबांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं होतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याला 'मात्र नाव दिलेले असल्यास' असं शेपूट जोडायचं तिच्या जिवावर आलं. नाव न देता पानंच्या पानं लिहिणारी माणसं असतात तरी किती, असं म्हणून तिने मेल बंद केली होती.

एक तरी होता. आणि तो आता ओल्या केसांतून बोटं फिरवत बाहेरच्या पावसाकडे बघत होता.

खरं तर तिने तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही तिने, पण बाहेर पडलं ते भलतंच. "मला... थोडा येतो तो एडिटर. नववी आवृत्ती. हवं तर समजावून सांगेन, म्हणजे पुन्हा असं व्हायला नको."

त्याने तिच्याकडे नीट बघितलं. डोळे शांत होते, समोरच्याच्या डोळ्यांत जरा जास्त वेळ बघायची सवय असलेले. "तुम्ही त्याच कंपनीत आहात का?"

"नाही," ती म्हणाली. "कामासाठी वापरते, एवढंच."

एक चूक झाकायला दुसरी लागते, आणि दुसरी पहिलीपेक्षा सोपी जाते, हे तिला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी ऑफिस सुटायच्या आधी तिने पान उघडलं आणि ते वाक्य गुपचूप बदललं. पानाच्या तळाशी 'दुरुस्त्या' अशी एक यादी असे. आवृत्ती निघाल्यावर एक शब्द जरी बदलला तरी तारीख, काय बदललं आणि बदलणाऱ्याचं नाव तिथे लिहायचं, असा कंपनीत नियम होता. हा नियम तिनेच साहेबांशी भांडून आणला होता. त्या संध्याकाळी तिने यादीत काहीही लिहिलं नाही. बॅग उचलली आणि कुणाच्या नजरेला नजर न देता बाहेर पडली.

लॅपटॉपवाला तो तरुण चष्म्यांचं दुकान सांभाळायचा. दुकान त्याच्या आत्याचं. तिने ते ऐन तरुणपणी एकटीने उभं केलं होतं. आता आत्याचीच नजर जात चालली होती, समोरच्या माणसाची नुसती सावली दिसायची. म्हणून गेले आठ रविवार ती दुकानाची आणि स्वतःची हकिकत सांगत होती आणि भाचा दोन बोटांनी टाइप करत होता. एकच खिडकी, तीही बिननावाची, आणि लॅपटॉप कधी बंद न करता नुसता मिटलेला. पानं गेली हे त्याने आत्याला अजून सांगितलं नव्हतं. कामाचा बहाणा करून तो रविवार ढकलत होता.

दुपारी एक ते तीन दुकान बंद असे. त्या वेळात ती त्याला शिकवायला रोज दोन वाजता जाऊ लागली. तपासणीच्या खुर्चीशेजारी लॅपटॉप मांडून ती नवव्या आवृत्तीतली एकेक गोष्ट उलगडून सांगायची. आणि तो विद्यार्थी असा की साधी गोष्ट साधी राहू द्यायचा नाही.

"आता एकाच वेळी चार ठिकाणी कर्सर ठेवता येतो," ती सांगत होती. "एकदा टाइप केलं की चारही ठिकाणी उमटतं."

"म्हणजे एकच गोष्ट चौघींना सांगता येते."

"तसं म्हणा हवं तर."

"मी तसला माणूस नाही," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "एकीलाच सांगायची असेल तर कुठली कळ?"

तिने उगीचच स्क्रीन पुसली. हसू येत होतं, आणि हसलो की आपण आणखी मोठे लबाड ठरू असंही वाटत होतं.

पान लिहिणाऱ्या त्या अज्ञात इसमाचं त्याने बारसंही करून टाकलं होतं. निर्धास्तराव. निर्धास्तरावांना ढेरी आहे, असं त्याचं ठाम मत होतं. ते आरामखुर्चीत बसून लिहितात, दुपारी दोन तास झोपतात आणि जन्मात त्यांनी स्वतःचा एडिटर उघडलेला नाही. "तुला काय वाटतं?" त्याने एकदा विचारलं. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नव्हतं. "मिश्या असतील का त्यांना?"

"असतील," ती कशीबशी म्हणाली. आयुष्यात तिला मिश्यांचा एवढा त्रास कधी झाला नव्हता.

एके दिवशी त्याच्या लक्षात आलं की ती वाचताना डोळे बारीक करते. लगेच तिला खुर्चीत बसवलं, नाकावर ती जड चाचणीची फ्रेम चढवली आणि एकेक भिंग घालून बघू लागला. दुकानात अंधार केला होता, नुसता तक्ता उजळलेला.

"समोर बघ. माझ्याकडे नाही, तक्त्याकडे."

"तक्त्याकडेच बघतेय."

"मग आत्ता माझ्याकडे बघताना कोण सापडलं?"

मग तो छोटा दिवा घेऊन जवळ वाकला. डोळ्याच्या आत बघायचा दिवा तो. त्याच्या बाहीला धुतलेल्या कापडाचा वास होता. त्याचा श्वास तिला गालावर कळत होता, आणि जीव सुखाने भरून यावा अशा त्या घटकेला तिच्या मनात एकच भीती होती की ह्याला आत सगळं दिसेल. तिने डोळे मिटून घेतले.

"मिटू नकोस," तो हळूच म्हणाला. "दुखतंय का?"

"नाही," ती म्हणाली. दुखत होतं ते डोळ्यांत नव्हतं. ह्या माणसावर आपलं प्रेम बसलं आहे हे तिला तिथे, त्या खुर्चीत कळलं, आणि त्या प्रेमाच्या बुडाशी एक खोटं आहे हे पुन्हा आठवून ती शरमेने अर्धी झाली. पुढच्या वेळी नक्की सांगायचं, असं तिने ठरवलं. तसं ती रोजच ठरवत होती.

पुढच्या वेळी तिने त्याला नवव्या आवृत्तीतली सर्वांत कौतुकाची गोष्ट दाखवली. दोन मजकूर शेजारी शेजारी ठेवायचे, एडिटर ते ओळीला ओळ लावून बघतो आणि जिथे फरक असेल ती जागा लाल रंगवतो. त्याला ती फार आवडली. सरावासाठी करून बघतो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तो खुर्चीत नुसता बसून होता. स्क्रीनवर दोन मजकूर होते. डावीकडे खिशातल्या कागदावरून त्याने दोन बोटांनी उतरवून घेतलेलं पान, उजवीकडे आज कंपनीच्या साइटवर असलेलं. सगळं पांढरंशुभ्र, आणि मधोमध एक ओळ लाल.

"निर्धास्तरावांनी बदललं," तो म्हणाला. "खाली दुरुस्त्यांची यादी आहे. कुणाचं स्पेलिंग चुकलं तरी नाव-तारीख लिहितात तिथे. हेच तेवढं नाही."

तिने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"चूक मी समजू शकतो. मीही चुकीचे नंबर काढलेत लोकांचे. पण माझ्या कागदावर अजून ते वाक्य आहे आणि त्यांच्याकडे ते कधी नव्हतंच. म्हणजे मीच वेडा ठरलो ना." तो लॅपटॉपकडे बघतच राहिला. "पानं गेल्याचं नाही, पण ह्याचं फार लागलं मला."

सांगायची ह्याहून योग्य वेळ दुसरी नव्हती. तिने ओठ उघडले, मिटले. मग त्यानेच विचारलं, रविवारी मी आत्याला सगळं सांगणार आहे, एकट्याने धीर होत नाही, येशील का बरोबर? आणि ती हो म्हणाली. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार होती?

आत्या तिसऱ्या मजल्यावर राहायची. खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसली होती, अंगावर इस्त्रीचे कपडे, डोळ्यांवर आता काही उपयोगाचा नसलेला पण झकास चष्मा. पाहुणी आली आहे हे पावलांवरून ओळखून तिने आधी तिची चौकशी केली, मग भाच्याला म्हणाली, "चार रविवार चुकवलेस. वाच, कुठवर आलो होतो आपण?"

तो उभाच राहिला. "आत्या, पानं गेली. सगळी. मी फाइलला नाव दिलं नव्हतं, आळस केला. दुसऱ्या कुणाचा दोष नाही. माझी चूक आहे."

आत्याने मांडीवरचा रुमाल उचलला आणि उगीचच त्याच्या घड्या घालू लागली. हनुवटी थरथरत होती. एवढ्या ताठ बाईची हनुवटी तशी थरथरताना बघणं पाहुणीला सोसलं नाही.

"चूक ह्यांची नाही," ती म्हणाली. आवाज स्वतःचा वाटत नव्हता. "ते वाक्य मी लिहिलं होतं. मी त्याच कंपनीत आहे. ते खोटं आहे हे मला आधी कळलं होतं, आणि छान जमलंय म्हणून मी ते ठेवलं. नंतर गुपचूप बदललं तेही मीच."

त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. तो आला नाही. महिनाभरातली एकेक दुपार तो मनात उलटून बघत होता, आणि प्रत्येक दुपारी ती काय लपवत होती ते त्याला आता दिसत होतं. हे सगळं तिला त्याच्या तोंडावर वाचता येत होतं.

"तुम्ही निघा आता," तो शेवटी म्हणाला.

तू नाही, तुम्ही. तीन जिने ती कठड्याला धरून उतरली.

सोमवारी सकाळी तिने पहिलं काम काय केलं असेल तर 'दुरुस्त्या' ह्या यादीत ती ओळ लिहिली. तारीख, जुनं वाक्य जसंच्या तसं, ते चुकीचं असल्याचं आधी माहीत होतं हेही, आणि खाली स्वतःचं नाव. साहेब धावत आले. एवढं सविस्तर कशाला, नाव तर मुळीच नको, म्हणाले. नियम माझाच आहे, ती म्हणाली, आणि मूग गिळून बसायची तिची पाळी आता संपली होती. मग पत्रं येऊ लागली. आणखी अकरा जणांचं काही ना काही गेलं होतं: कुणाचं भाषण, कुणाची धड्यांची टिपणं, एकीने आईला लिहिलेलं पत्र. प्रत्येकाला तिने स्वतः उत्तर लिहिलं. ऑफिसात लोक तिच्या टेबलाजवळ आले की आवाज खाली करायचे. दुपारचे दोन वाजले की तिचे पाय आपोआप उठू बघायचे, आणि ती त्यांना टेबलाखाली दाबून ठेवायची. त्याच्याकडून मात्र एक शब्द आला नाही.

तीन आठवड्यांनी ऑफिसच्या फोनवर आत्या.

"रविवारी दहाला ये," आत्या म्हणाली. "ह्याला दोन बोटांनी टाइप करता येतं आणि दर ओळीला वाद घालतो. तुला नीट येत असेल."

"तुम्ही पुन्हा सांगणार?"

"पहिल्यासारखं नाही जमायचं. ते गेलं ते गेलंच. आणि मी तुला माफ केलंय असं समजू नकोस, टाइपिंगला बोलावतेय."

दार त्याने उघडलं. "या," म्हणाला आणि बाजूला झाला. मग दुकानातून आणलेलं फ्रेमांचं खोकं घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसला आणि एकेक चष्मा पुसू लागला. तिने लॅपटॉप उघडला, नवी फाइल केली, आत्याला विचारून तिला नाव दिलं, आणि मान खाली घालून बोटं कळांवर ठेवली.

आत्या सांगत गेली. दुकानाची पहिली किल्ली, पहिलं गिऱ्हाईक, बाईने काढलेला नंबर चालेल का असं विचारणारे पुरुष. ती लिहीत गेली. तासाभराने आत्या थांबली, पाणी प्याली आणि त्याच सुरात पुढे बोलू लागली.

"लिही. आज रविवार. जिने माझी पानं बुडवली ती मुलगी आज टाइप करायला आली आहे. माझा भाचा तिच्याशी बोलत नाही. पण एकच चष्मा तो चार वेळा पुसतो आहे. मला दिसत नाही, पण काचेवर कापड चरचरतं ते ऐकू येतं."

तिची बोटं थांबली. कोपऱ्यातलं कापडही थांबलं.

"लिहिलंस?"

"हो," ती पुटपुटली, आणि मग लिहिलं.

"तिच्या चुकीपायी मी तीन आठवडे तिचा राग राग केला," आत्या म्हणाली. "मग त्याने मला ती दुरुस्तीची ओळ वाचून दाखवली. एकदा नाही, रोज. आता भाचा काय म्हणतो ते लिही. बोल रे."

तो उठला. तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला, पण स्क्रीनकडे न बघता खिडकीकडे बघत.

"लिही," तो म्हणाला. "भाचा म्हणाला... मला अजून राग आहे."

तिने लिहिलं. अक्षरं धूसर दिसू लागली होती.

"आणि तरी रोज दोन वाजता मी दुकानाच्या दाराकडे बघत बसतो."

तेही लिहिलं. दोनदा चुकलं, दोनदा खोडलं.

"पुढे?" आत्याने विचारलं.

खाली रस्त्यावर कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मग तो अगदी हळू, जणू टाइप करायला सोपं जावं म्हणून एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "माझं... तुझ्यावर... प्रेम आहे."

तिने ते लिहिलं. एकेक अक्षर शोधत चार शब्दांना मिनिट लागलं.

"आता ते शेवटचं वाक्य वाचून दाखव," आत्या म्हणाली. "मला दिसत नाही."

कबुली दिलेल्या त्या रविवारपासून तिने त्याच्याकडे मान वर करून बघितलं नव्हतं. आता ती खुर्चीत वळली. लाज अजून तशीच होती, पण तिने डोळे मिटले नाहीत. स्क्रीनकडे पाठ करून, त्याच्याकडे बघत तिने वाचलं.

"माझं तुझ्यावर प्रेम आहे."

आत्याने मान आवाजाच्या दिशेला वळवली. "हे त्याचं म्हणून वाचलंस," तिने विचारलं, "की तुझं?"

"माझं," ती म्हणाली.